दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा : घरातल्या प्लॅस्टिकचं पुढे काय होतं?

केवडा

गुढीपाडव्यापासून श्रावण लागेपर्यंत घरात आलेलं एकही प्लॅस्टिकचं वेष्टन मी कचऱ्यात टाकलं नाही. धुवायचं ते धुतलं, पुसायचं ते पुसलं, वाळवलं आणि गॅलरीतल्या पत्र्याच्या पिंपात भरत गेले. घरात आम्ही चौघं. पिंप दोनदा दाबून काठोकाठ भरलं. 'सुका कचरा' म्हणून आपण जे बादलीत टाकतो, त्यातलं खरोखर पुन्हा कामी येणारं किती, एवढंच मला बघायचं होतं.

मागच्या शनिवारी आमच्या सोसायटीतला कचरा नेणाऱ्या मावशींना विचारलं, फेरी संपल्यावर थोडा वेळ द्याल का? साडेअकराला पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरली आणि पिंप ओतलं. मावशी वीस वर्षं हे काम करतायत. त्या प्रत्येक पिशवी बोटांत चुरगाळायच्या आणि आवाज ऐकायच्या. मऊ, गप्प बसणारी पिशवी डावीकडे. चुर्रर्र वाजणारी उजवीकडे. छपाई, कंपनी, खुणा, काही बघत नव्हत्या.

पाऊण तासात दोन ढीग झाले. डावीकडे दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, शाम्पू-फिनेलच्या जाड बाटल्या, श्रीखंडाचे डबे, झाकणं. हे काट्यावर जातं, त्याचे पैसे येतात. उजवीकडे वेफर्सची पाकिटं, बिस्किटांची वेष्टनं, मसाल्याच्या आणि चहाच्या पुड्या, शाम्पूचे एक-दोन रुपयेवाले सॅशे, टूथपेस्टच्या ट्यूब, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. "हे कुणी घेत नाही, ताई." उजवा ढीग डाव्याच्या दीडपट होता. सगळं स्वच्छ, कोरडं, चार महिने जपलेलं.

घरी येऊन वेफर्सचं एक पाकीट कात्रीने कापून कडेशी नखाने सोलून पाहिलं. बाहेरचा छापील पापुद्रा वेगळा, आतला चंदेरी वेगळा. चंदेरी भाग म्हणजे प्लॅस्टिकवर चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप. हवा, दमटपणा, उजेड आत येऊ नये म्हणून हे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. वेफर्स कुरकुरीत राहतात ते त्यामुळेच. आणि ते थर पुन्हा वेगळे करणं कुणालाच परवडत नाही, म्हणून पाकिटाला काट्यावर किंमत नाही.

पण मला हा धागा काढावासा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीमुळे. सगळं आवरल्यावर मावशींनी दुधाची एक पिशवी उचलली आणि कापलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा तुकडा कुठाय?" मला कळेना. नखाएवढा तो त्रिकोण मी रोज सकाळी कापते आणि ओट्यावरून पुसून ओल्या कचऱ्यात ढकलते. चार महिन्यांत अडीचशेच्या आसपास पिशव्या, म्हणजे तेवढेच त्रिकोण. ते खतात जातात, मातीत जातात, पावसाच्या पाण्याबरोबर गटारात जातात. कुणीही वेचू शकत नाही इतके ते लहान असतात. मावशी म्हणाल्या, "चीर द्यायची, तोडायचं नाही." बस, एवढंच.

तुम्ही काय करता? आणि उजव्या ढिगाचं काय करावं, यावर कुणाला काही ठाऊक असेल तर सविस्तर लिहा.

पमा

केवडा, तो कोपरा वाचून उठले आणि आधी ओटा बघितला. दोन तुकडे होते.

एक शंका. माझ्याकडच्या मसाल्याच्या पाकिटावर बाणांचा त्रिकोण आहे आणि आत ७ लिहिलंय. त्रिकोण असला की पुनर्वापर होतो असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मग मावशी का घेत नाहीत?

दाणेदार

पमा, तुमच्यासारखाच समज बहुतेकांचा आहे. माझं आयुष्य भोसरीत जुनं प्लॅस्टिक वितळवून त्याचा दाणा पाडणाऱ्या कारखान्यात गेलं म्हणून जरा लांबण लावतो.

तो त्रिकोण 'याचं पुन्हा काही होईल' असं वचन देत नाही. आतला आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. ही पद्धत १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाने सुरू केली. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटल्या. २ म्हणजे एचडीपीई, फिनेल-शाम्पूच्या बाटल्या, ज्यांना आमच्या धंद्यात 'फुगा' म्हणतात. ३ पीव्हीसी, नळाचे पाइप करतात ते. ४ एलडीपीई, दुधाच्या पिशवीसारखं मऊ प्लॅस्टिक. ५ पीपी, श्रीखंडाचा डबा. ६ पॉलिस्टायरीन, थर्मोकोल त्यातलाच. आणि ७ म्हणजे 'इतर', ज्यात अनेक थरांची पाकिटंही येतात. ७ वाचलं की भंगारवाला हात मागे घेतो.

एकत्र आलेलं प्लॅस्टिक वेगळं करायला आमच्याकडे पाण्याची टाकी असायची. बाटलीचा चुरा टाकीत ओतला की पेट बुडतं आणि झाकणाचा चुरा तरंगतो, कारण पेट पाण्याहून जड आणि पीपी, एचडीपीई हलकं. पण पीव्हीसीही बुडतं, आणि ते पेटमध्ये मिसळलं की टाकी काही करू शकत नाही. पेट वितळायला अडीचशे अंशांच्या वर तापमान लागतं. तिथे पोचण्याआधीच पीव्हीसी जळायला लागतं, त्यातून आम्ल सुटतं आणि सगळा माल पिवळा, ठिसूळ होतो. मूठभर पीव्हीसीने अख्खा घाणा वाया गेलेला मी पाहिला आहे. काही बाटल्यांना अंगाला घट्ट बसणारा जो छापील झगा असतो, तो बऱ्याचदा पीव्हीसीचा असतो. तो ओढून काढून टाकलात तर पुढच्या माणसावर उपकार होतील.

दुसरी गोष्ट रंगाची. बिनरंगी बाटलीला भाव चांगला, हिरवीला कमी, काळ्या डब्याला सगळ्यांत कमी. काळ्यापासून फक्त काळंच होतं. हॉटेलातून पार्सल येतं ते काळे डबे मला बघवत नाहीत.

आणि एक सांगतो, पेटची बाटली पुन्हा बाटली होतेच असं नाही. बहुतांश वेळा तिचा धागा होतो, उशीत भरायचा कापूस होतो, टीशर्ट होतो. तो टीशर्ट फाटला की पुढे काही नाही. म्हणजे एक फेरी वाढते, तेवढंच. आता कायद्याने कडक प्लॅस्टिकच्या वेष्टनात पुनर्वापरातलं प्लॅस्टिक वापरण्याचं बंधन आलंय, २०२५-२६ पासून ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के. ते नीट पाळलं गेलं तर चांगल्या, स्वच्छ बाटलीला मागणी वाढेल.

कृष्णाकाठ

उत्तम माहिती. पण सगळं ओझं घरातल्या बाईच्या हातावर का? धुवा, वाळवा, झगा काढा, कोपरा जपा. पाकीट बनवताना सात थर चिकटवणाऱ्याला कुणी विचारत नाही.

२०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की पुनर्वापर न होणारी बहुथरी वेष्टनं दोन वर्षांत बंद करायची. २०१८ ला दुरुस्ती झाली आणि वाक्य बदललं. आता 'ज्याचा पुनर्वापर होत नाही किंवा ज्यापासून ऊर्जा मिळत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग नाही' असे शब्द आहेत, आणि अर्थ असा लावला जातो की यातलं एक जरी जमलं तरी वेष्टन चालेल. प्लॅस्टिक जाळलं की ऊर्जा मिळतेच! त्या एका शब्दाने केवडाचा उजवा ढीग कायदेशीर राहिला. मला याचा राग येतो आणि तो यायलाच हवा.

आपलं वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर २०१६ च्या नियमांतच होती आणि २०२२ पासून त्याची लक्ष्यंही ठरवून दिली आहेत हे खरं. पण तुमच्यापैकी कुणाच्या दारात वेफर्सची पाकिटं न्यायला कुणी आलं आहे का?

मांजराकाठ

लातूरहून लिहितेय. धागा फार आवडला, पण धुवायचं म्हणताय तिथे मी अडकले.

२०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. घागरी घेऊन आम्ही रात्र-रात्र उभे राहिलोत. आजही उन्हाळ्यात नळ कधी येईल सांगता येत नाही. भांडी घासायला पाणी मोजून घेणाऱ्या घरात वेफर्सचं पाकीट कोण धुणार? आणि न धुता ठेवलं तर मुंग्या, वास, उंदीर. काय करावं सांगा.

केवडा

मांजराकाठ, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. मी पुण्यात नळ सोडून बसले आणि हा विचारच केला नाही.

मावशींना आजच विचारलं. त्या म्हणाल्या, धुवा असं नाही, ओलं-खरकटं नको. दुधाची पिशवी रिकामी झाली की त्यात दोन चमचे पाणी घालून हलवायचं आणि ते पाणी चहात किंवा कणकेत घालायचं. माझी आई हेच करायची, वाया जाऊ नये म्हणून. मग पिशवी उलटी करून दोरीवर चिमट्याने लावायची. तेलाच्या पिशवीत थोडं पीठ घालून चोळायचं आणि त्याच पिठाची पोळी करायची. बिस्किटाचं पाकीट फक्त झटकायचं. पाणी लागतं ते श्रीखंडाच्या डब्याला, आणि तो तर घरात आपण पुढे वर्षभर वापरतोच.

सातबंगला

मुंबईकडून थोडं. आमच्या इमारतीत २६ जुलै २००५ ला पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा सगळा दोष पिशव्यांना देता येत नाही, पण तुंबलेल्या नाल्यांतून पुढे आठवडाभर जे बाहेर काढत होते ते मी पाहिलंय. दुसऱ्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पिशव्या बंद केल्या. मग २०१८ ची राज्याची मोठी प्लॅस्टिकबंदी आली. त्या वेळी दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याचीही गोष्ट होती. आमच्या दूधवाल्याने ते कधी दिले नाहीत आणि आम्हीही कधी मागितले नाहीत, हे मान्य करायला हवं.

देशभर आता पिशवी १२० मायक्रॉनची हवी, ३१ डिसेंबर २०२२ पासून. लोक विचारतात, जाड पिशवीत प्लॅस्टिक जास्त, मग फायदा काय? फायदा असा की जाड पिशवीला वजन असतं. वजन असलं की वेचणारीला ती उचलणं परवडतं. पातळ पिशव्यांचं एक किलो भरायला तिला दिवस घालवावा लागतो.

धारावीतलं तेरा कंपाउंड बघितलं नसेल तर एकदा बघून या. दहा बाय दहाच्या खोलीत माणसं बसून प्लॅस्टिक रंगाप्रमाणे, जातीप्रमाणे निवडतात. जात कळली नाही तर तुकडा पेटवून धुराचा वास घेतात. मेणबत्तीसारखा वास आला तर एक जात, नाकाला झोंबला तर दुसरी. मुंबईच्या कचऱ्यातून जे काही वाचतं ते या माणसांच्या फुप्फुसांच्या जिवावर. त्यांना मास्क नाही, विमा नाही. पुनर्वापराचं कौतुक करताना हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिलं.

नेकारकाठ

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहते. इथे पाण्याची बाटली विकत घेताना २५ सेंट जास्त भरावे लागतात, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की परत मिळतात. २००३ पासून ही पद्धत आहे. त्यामुळे रस्त्यावर बाटली पडलेली दिसत नाही. दिसलीच तर कुणीतरी उचलतं, त्यात पेन्शन न पुरणारी म्हातारी माणसंही असतात. लोक बाटल्या कचरापेटीच्या आत न टाकता शेजारी उभ्या ठेवतात, म्हणजे त्यांना आत हात घालावा लागत नाही. ही साधी गोष्ट आपल्याकडे उद्यापासून करता येईल.

पण इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. बाकीची वेष्टनं पिवळ्या पिशवीत जातात आणि तिथे बहुथरी पाकिटांचं दुखणं अगदी तुमच्यासारखंच आहे. दाणेदारकाका, काळ्या डब्याबद्दल तुम्ही म्हणालात ते इथेही खरं आहे. इथली निवडणारी यंत्रं अवरक्त किरणांनी प्लॅस्टिकची जात ओळखतात आणि काजळी घातलेलं काळं प्लॅस्टिक ते किरण शोषून घेतं, त्यामुळे यंत्राला ते दिसतच नाही. दह्याच्या डब्यावरचं ॲल्युमिनियमचं झाकण पूर्ण सोडवून वेगळं टाकायचं, नाहीतर यंत्र फसतं, हे मला इथे आल्यावर शेजारच्या आजींनी शिकवलं.

आणि २०१८ पर्यंत युरोपचा बराच प्लॅस्टिक कचरा चीनला जायचा. चीनने दार बंद केलं तेव्हा कळलं की आपण 'पुनर्वापर' म्हणत होतो त्यातलं बरंचसं नुसतं दूर पाठवणं होतं.

रानवाट

तुम्ही सगळे शहरातले. आमच्या गावात (जुन्नर तालुका) घंटागाडी आठवड्यातून एकदा येते, पावसात तीही नाही. मग लोक काय करतात? जाळतात. माझी आजी रोज पहाटे बंब पेटवायला दुधाची पिशवी वापरायची, कारण ती झटकन पेट घेते. अंगणभर तो धूर, आणि आम्ही पोरं बंबाशेजारी शेकत बसायचो. गोळ्यांची पट्टी, रेक्झिन, वायरचं वेष्टन, सगळं त्यातच. पीव्हीसी असं मंद आगीत जळलं की त्यातून डायॉक्सिनसारखी अतिशय विषारी द्रव्यं तयार होतात, हे मी कॉलेजात गेल्यावर शिकलो.

आजीला मी दोष देत नाही. तिच्या लहानपणी घरात आलेली प्रत्येक वस्तू एकतर गुरं खायची, नाहीतर उकिरड्यात कुजायची, नाहीतर चुलीत जायची. तेल डब्यात मोजून यायचं, साखर कागदाच्या पुडीत. न कुजणारी वस्तू घरात आली, पण ती कुठे ठेवायची हे तिला कुणी सांगितलंच नाही. आता दुकानात शाम्पू बाटलीत परवडत नाही म्हणून सॅशे घेतात. गावच्या ओढ्यात उतरा, सगळ्यात जास्त सॅशे सापडतील.

शेवंतीबाग

गोव्यातून. पणजीत सुका कचरा सोळा प्रकारांत वेगळा केला जातो आणि ज्याचं काहीच होत नाही ते दाबून, गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जातं. भट्टीत चौदाशे अंशांच्या वर तापमान असतं, कोळशाच्या जोडीला हे जळतं. केवडाच्या उजव्या ढिगाचं आज जास्तीत जास्त एवढंच होऊ शकतं. मी याला पुनर्वापर म्हणणार नाही. पण रानवाट म्हणतात तसं बंबात किंवा ओढ्यात जाण्यापेक्षा कितीतरी बरं.

कोकणातल्या वेंगुर्ल्याचंही नाव घ्यायला हवं. इतक्या लहान नगरपालिकेने कचरा जागच्या जागी इतका वेगळा केला की डेपोची जागा फिरायला जाण्यासारखी झाली. प्लॅस्टिकचा चुरा डांबरात घालून रस्तेही केले. रस्त्यांची ही युक्ती मदुराईचे प्रा. वासुदेवन यांची, २००२ च्या सुमाराची. त्यात वेफर्सची पाकिटंही चालतात, हे महत्त्वाचं.

पमा

गोळ्यांच्या पट्ट्यांचं काय? सासूबाईंची रक्तदाबाची, साखरेची औषधं. महिन्याला तीस-चाळीस पट्ट्या निघतात.

दाणेदार

पमा, त्या पट्टीत बहुधा एका बाजूला पीव्हीसी, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम. घरगुती पातळीवर काही होत नाही. फक्त एक करा, इतर प्लॅस्टिकमध्ये मिसळू नका, वेगळ्या कागदी पिशवीत द्या. पीव्हीसीने काय होतं ते वर लिहिलंच आहे.

कृष्णाकाठ, तुमचा राग योग्य जागी आहे. तंत्राच्या बाजूने सांगतो, थर वेगवेगळ्या जातींचे न ठेवता एकाच जातीचे ठेवूनही पाकीट करता येतं. तसं पाकीट वितळवून दाणा पडतो. ते थोडं महाग पडतं आणि माल थोडा कमी दिवस टिकतो. अडचण एवढीच आहे.

केवडा

परवा आमच्या सोसायटीची सभा झाली. अठ्ठेचाळीस घरं. मी दोन्ही ढीग सभेत नेऊन ठेवले. बोलण्यापेक्षा ते बरं पडलं. एका काकांनी विचारलं, "यातलं आपलं कोणतं?" आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

तीन गोष्टी ठरल्या. दुधाच्या पिशव्यांसाठी जिन्याखाली वेगळी गोणी, कोपरा न तोडता. सुका कचरा बादलीत न ओतता मावशींच्या हातात द्यायचा, म्हणजे त्यांना तो पुन्हा उपसावा लागत नाही. आणि सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका. या शेवटच्या मुद्द्यावर सभेतले पुरुष खाली बघत होते. पण मावशी स्वतः उठून बोलल्या : "माझा हात त्याच्यात जातो." त्यांच्यासारख्या बायकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी केली, पुढे स्वच्छ ही स्वतःची सहकारी संस्था केली, म्हणून आज त्या ओळखपत्र गळ्यात घालून आमच्या सभेत उभ्या राहून बोलू शकतात. आम्ही खुर्च्यांवर होतो, त्या उभ्या होत्या, हे मला नंतर लक्षात आलं. पुढच्या सभेत त्यांची खुर्ची आधी लावणार आहे.

उजव्या ढिगाबद्दल दोन कंपन्यांना, पाकिटावरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर, पाकिटांसकट पत्रं पाठवली आहेत. उत्तर आलं की इथेच टाकेन.

मांजराकाठ

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय. आमच्या गल्लीतल्या चार घरांनी मिळून दुधाच्या पिशव्या दोरीवर वाळवून साठवल्या. धुण्याचं पाणी कणकेत. काल भंगारवाल्याच्या काट्यावर सव्वा किलो भरल्या. तो म्हणाला, अशा कोऱ्या पिशव्या कुणी आणून देत नाही, दर महिन्याला येतो.

दाणेदारकाका, त्यातच तेलाच्या पिशव्या घातल्या तर चालतील का? त्यासुद्धा मऊच असतात.

दाणेदार

ताई, अभिनंदन. सव्वा किलो म्हणजे साडेचारशे-पाचशे पिशव्या झाल्या.

तेलाच्या पिशव्या वेगळ्या ठेवा. वरून सारख्या दिसल्या तरी काहींच्या आत नायलॉनचा थर असतो, आणि तेल पूर्ण निघत नाही. दुधाच्या गोणीत मिसळल्या तर त्या गोणीचाही भाव पडेल. भंगारवाल्याला दोन्ही दाखवा, तेलाच्या घेत असेल तर दुसरी गोणी करा.